अर्धं नाणं

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या वर्षी, जून महिन्यात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात कामाला गेलेल्या हिलारियोन नावाच्या माणसाने घरी असलेल्या आपल्या बायकोला, आलिसला, पत्र लिहिलं. मुंबईच्या गिरणीतून कोकणात जावं तसं हे पत्र आहे. काळजी करू नकोस, बाकीचे परतले तरी मी इथेच थांबतोय, पगार हाती आला की पाठवतो, लहानग्याला जप. मी तुला विसरेन कसा, असंही त्यात आहे. आणि त्याच हळव्या सुरात, मध्येच, बाळंतपणाविषयी एक सूचना आहे: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे.

ऑक्सिऱ्हिंकस या प्राचीन गावाच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांतून दोन इंग्रज संशोधकांनी हजारो पपायरस उकरून काढले, त्यांतलं हे एक. १९०४ साली ते छापलं गेलं. हे पत्र वाचताना अंगावर काटा येतो तो हिलारियोन क्रूर आहे म्हणून नाही. तो प्रेमळ आहे, म्हणून. बायकोची समजूत काढणारा, पोराची आठवण काढणारा हा बाप मुलगी टाकून देण्याविषयी ज्या सहजपणे लिहितो, ती सहजता त्या सगळ्या काळाची होती.

रोमन घरात मूल जन्माला येणं आणि घरात घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मूल ठेवायचं की नाही, हे कुटुंबप्रमुख ठरवी. मुलीचं नाव आठव्या दिवशी ठेवत, मुलाचं नवव्या. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, बाराव्या दिवशी बारसं होतं. तिथे त्या आठ-नऊ दिवसांत बाळाचं असणंच अधांतरी असे. नको असलेलं मूल चौकात, देवळाच्या पायरीशी किंवा उकिरड्यावर ठेवून येत. सगळीच मरत नसत. कुणी उचलून नेई, बहुतेक वेळा गुलाम म्हणून वाढवायला. इजिप्तच्या कागदपत्रांत कोप्रेउस असं नाव वारंवार दिसतं. त्याचा अर्थ उकिरड्यावरचा. आपल्याकडेही उकिरडा, दगडू, धोंडू ही नावं ठेवली गेली, पण ती काळाची नजर लागू नये, पोर टिकावं म्हणून. काही अभ्यासकांना वाटतं की काही कोप्रेउसांच्या नावामागेही आईची हीच धडपड असेल.

या सार्वत्रिक रिवाजाला नाही म्हणणारे लोक थोडे होते. काही स्टोइक विचारवंत होते, आणि ठामपणे, धर्माज्ञा म्हणून, ज्यू होते. हिलारियोनच्याच अलेक्झांड्रियात, त्याच्या पत्रानंतर काही दशकांच्या आत, फिलो या ज्यू तत्त्ववेत्त्याने मुलं टाकण्याविरुद्ध कडक शब्दांत लिहिलं. ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट मिळाली ती याच वारशातून, हे आधी सांगायला हवं. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं वाक्य दोघांचंही आहे. फारोची आज्ञा मोडून ज्यू मुलगे जगवणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणी दोघांच्याही आहेत. लव्हाळ्याच्या पेटीत नदीकाठी ठेवलेला मोशेही दोघांचाच.

पण ख्रिस्ती कथेत एक पाऊल आणखी पुढे पडलं होतं. तिथे देवच बाळ होऊन आला होता. पहिली रात्र त्याने गोठ्यातल्या गव्हाणीत काढली आणि मग त्याला मारायला राजाचे शिपाई निघाले. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हेरोद राजा समजावून सांगावा लागत नाही. पण एकदा देवाला बाळुत्यात गुंडाळलेला पाहिला की प्रत्येक बाळुत्याकडे बघण्याची नजर बदलते. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं 'डिडाखे' नावाचं छोटंसं ख्रिस्ती पुस्तक जीवनाची वाट आणि मरणाची वाट अशा दोन वाटा दाखवतं. गर्भ पाडू नये आणि जन्मलेलं मूल मारू नये, या दोन्ही आज्ञा त्यात एकाच दमात येतात. दुसऱ्या शतकातला जस्टिन हुतात्मा सम्राटाला उद्देशून लिहितो की आम्ही मुलं टाकत नाही. आणि कारण देतो ते विलक्षण व्यवहारी आहे. टाकलेली मुलं कुंटणखान्यात जातात, हे त्याने रोमच्या रस्त्यांवर पाहिलेलं असणार.

३७४ साली रोमन कायद्यानेही अर्भकहत्या हा गंभीर गुन्हा ठरवला. एका लहानशा, छळल्या गेलेल्या पंथाची शिकवण तीनशे वर्षांत साम्राज्याच्या कायद्यात उतरली.

जगवणं झालं, मग वाढवणं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियात योहान नावाचा धर्मोपदेशक होता. वाणी अशी, की पुढे लोक त्याला ख्रिसोस्तोम म्हणू लागले, म्हणजे सुवर्णमुखी. मुलं कशी वाढवावीत यावर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. माझ्या मते तो आजही प्रत्येक आईबापाने वाचावा असा आहे. मुलाचं मन हे नुकतंच वसवलेलं नगर आहे, असं तो म्हणतो. डोळे, कान, जीभ, नाक आणि स्पर्श या त्याच्या वेशी. त्यांतून कुणाला आत घ्यायचं ते आईबापांनी वेशीवर उभं राहून ठरवायचं. मूर्तिकार रोज थोडं काढतो, थोडं भरतो, तसं मुलाला घडवायचं. माराचा धाक असावा, पण मार सवयीचा होऊ नये, नाहीतर मूल त्यालाही सरावतं. आणि त्याची सर्वांत सुंदर सूचना रात्रीच्या जेवणाच्या वेळची आहे. बापाने मुलाला काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट सांगावी, सोपी करून, मध्येमध्ये रंगवून. दुसऱ्या दिवशी मुलालाच म्हणावं, आता तू सांग. आईने जवळ बसून ऐकावं. मग एके दिवशी त्याला देवळात घेऊन जावं, नेमकी तीच गोष्ट वाचली जाणार असेल त्या दिवशी. आणि सगळ्यांच्या आधी आपल्याला ती ठाऊक आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा कसा फुलतो ते बघावं. सोळाशे वर्षांपूर्वी एका ब्रह्मचारी माणसाने लहान मुलाचा चेहरा इतका निरखून पाहिला होता, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण कायदा आणि उपदेश यांनी पोट भरत नाही. दुष्काळात, युद्धात, अब्रूच्या भीतीने मुलं टाकली जातच राहिली. टाकू नका म्हणणाऱ्याला एक प्रश्न चुकवता येत नाही: मग सांभाळायचं कुणी? मिलानमध्ये ७८७ साली एका धर्मगुरूने अशा मुलांसाठी घर उघडलं. पण या प्रश्नाला मिळालेलं सर्वांत देखणं उत्तर फ्लॉरेन्समध्ये आजही उभं आहे, आणि ते उभं केलं व्यापाऱ्यांनी.

प्रातो गावचा फ्रांचेस्को दातिनी हा आपल्या काळचा बडा सौदागर. त्याच्या वह्यांच्या पहिल्या पानावर देवाचं आणि नफ्याचं नाव एकत्र असे. आपल्या पेढीवरच्या चोपडीवर शुभ-लाभ असतं तसं. बायको मार्गेरिताला मूल झालं नाही. घरातल्या एका गुलाम मुलीपासून दातिनीला मुलगी झाली, जिनेव्रा. पुढे मार्गेरिताने तिला घरी आणून पोटच्या मुलीसारखं वाढवलं. दातिनी १४१० साली वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने टाकून दिलेल्या मुलांच्या घरासाठी एक हजार फ्लोरिन ठेवले होते. एका माणसाच्या घरात जे घडलं त्याची ती सावली होती का? मला तसं वाटतं.

पुढे ते काम रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने हाती घेतलं. १४१९ साली फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने इमारतीचं काम सुरू केलं. जगाला थक्क करणारा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ज्याने उभारला, तोच हा. राजवाड्याला शोभेल अशी नऊ कमानींची ओसरी त्याने कुणाचीच नसलेल्या मुलांसाठी बांधली. नाव ठेवलं ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, निष्पापांचं रुग्णालय. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांवरून. कमानींच्या मधल्या गोलांत पुढे १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रोब्बियाने निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या चकाकत्या मातीची बाळं बसवली. ती कमरेपासून पट्ट्यांत गुंडाळलेली आहेत आणि त्यांचे हात आपल्याकडे पसरलेले आहेत. काहींच्या पट्ट्या सैल होऊन सुटताहेत. चौकातून जाणाऱ्या कुणालाही वाटावं, आपल्याकडेच बघतंय, उचलून घ्यायला सांगतंय.

५ फेब्रुवारी १४४५. दार उघडल्यावर पहिलं बाळ आलं. मुलगी. त्या दिवशी संत आगाताचा सण, म्हणून नाव लिहिलं आगाता स्मेराल्दा.

इथे मी थबकतो. हिलारियोनच्या पत्रापासून या नोंदीपर्यंत १,४४५ वर्षं होतात. दोन्हीकडे कागद आहे, दोन्हीकडे मुलगी आहे. पत्रातली मुलगी जन्मली का, जगली का, तिला नाव मिळालं का, याचा कुठेच पत्ता नाही. वहीतल्या मुलीची तारीख, नाव, सगळं लिहिलेलं आहे. जीवन पवित्र आहे, हे वाक्य व्यासपीठावरून म्हणायला सोपं. या रेशीमवाल्यांनी ते कीर्द-खतावणीत उतरवलं. रेशमाच्या प्रत्येक वाराचा हिशोब ठेवणाऱ्या माणसांनी तीच वही, तीच शाई, तीच शिस्त बाळांसाठी वापरली. बाळ कधी आलं, अंगावर काय होतं, कसलं दुपटं होतं, कोणती चिठ्ठी होती, कुठल्या गावच्या कोणत्या दाईकडे दूध पाजायला दिलं आणि तिला किती पैसे दिले. त्या जाडजूड वह्यांचं नावच होतं 'दाया आणि बाळं'. मध्ययुगीन युरोपात बाळासोबत कधी कधी मिठाची पुरचुंडी सापडे. याचा बाप्तिस्मा व्हायचाय, अशी ती आईची खूण.

खुणा आणखीही होत्या. कुणी नाणं किंवा पदक मधोमध कापून अर्धं बाळाच्या अंगावर ठेवी आणि अर्धं स्वतःजवळ. कापलेली कड अशी वेडीवाकडी, की तिला दुसरं कुठलंच अर्धं जुळू नये. कुंतीने कर्णाला पेटीत ठेवून सोडलं तेव्हा ओळखायला त्याची कवचकुंडलं होती. पुढे शस्त्रस्पर्धेच्या मैदानावर तिने त्याला त्यांवरूनच ओळखलं. फ्लॉरेन्समधल्या आईजवळ अर्धं नाणं असे. आपण परत येऊ, या आशेने तिने ते कापलेलं असे. 'टाकून दिलेलं मूल' हा शब्दच या नाण्यापुढे लटका पडतो.

ही गोष्ट गोड करून सांगणं मात्र त्या मुलांवरच अन्याय होईल. भरमसाट मुलं येत आणि दाया कमी पडत. रोगाच्या साथीत बाळं पटापट जात. किती तरी वर्षी आलेल्यांतली निम्मीसुद्धा जगली नाहीत. मुलांपेक्षा मुली जास्त येत, म्हणजे हिलारियोनचा सल्ला ख्रिस्ती शहरातही पाळला जातच होता. अनेक बाळं श्रीमंतांच्या घरातल्या गुलाम बायकांची होती आणि बाप रविवारी त्याच शहरातल्या देवळात गुडघे टेकत असे. ज्या समाजाने अविवाहित आईला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, त्याच समाजाने तिच्या बाळासाठी भिंतीत जागा केली. १४८८ साली दोमेनिको गिरलांदायोने तिथल्या वेदीसाठी चित्र काढलं. त्यात बाळ येशूपुढे गुडघे टेकलेल्या राजांसोबत दोन लहानगी मुलं आहेत, अंगावर जखमा असलेली. आपल्या मुलांना वेदीसमोर बसवणाऱ्या त्या लोकांना किती जगतात आणि किती जगत नाहीत, हे ठाऊक होतं.

जगलेल्यांपैकी मुलगे कारागिरांकडे उमेदवारीला जात, मुली रेशीम विणत, त्यांच्या लग्नासाठी हुंड्याची तजवीज होई.

महाराष्ट्रात हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात विधवांच्या निमित्ताने उभा राहिला. मिशनरी शाळेत शिकलेल्या पण ख्रिस्ती न झालेल्या जोतीराव फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि एका विधवेचा मुलगा यशवंत स्वतःचा म्हणून वाढवला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या शेकडो मुली केडगावला आणल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या बाईने हे केलं. मुक्ती मिशनमध्ये त्या मुली शेती, विणकाम शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची छपाई तिथल्याच छापखान्यात झाली. टाकलेल्या मुलींच्या हातांनी जुळवलेले ते खिळे मला ब्रुनेलेस्कीच्या कमानींइतकेच देखणे वाटतात.

फ्लॉरेन्सच्या ओसरीच्या एका टोकाला भिंतीत जाळीची खिडकी आहे. तिच्या गजांमधून नवजात बाळच तेवढं आत सरकवता येई. १८७५ साली ती बंद झाली. इन्नोचेन्ती, नोचेन्तीनी ही आडनावं त्या शहरात अजून आहेत. इमारतीत आता संग्रहालय आहे, आणि त्याच्या एका दालनात भिंतभर छोटे छोटे खण आहेत. प्रत्येक खणावर एका मुलाचं नाव. ओढला की आत दोऱ्याचा तुकडा, काचेचा मणी, एखादं अर्धं पदक. वेडीवाकडी कड तशीच, दुसऱ्या अर्ध्याच्या मापाने कापलेली.