श्वान व शेळी यांतील परजीवी रोगनिदान : रक्तचाचणीची मर्यादा

मुंबई उपनगरांत अनेक घरांत श्वान पाळले जातात. काही वस्त्यांत शेळ्याही आढळतात. दोहोंत परजीवींमुळे रक्तक्षय होतो. निदानाचा मार्ग मात्र भिन्न असतो.

गोचिडांमार्फत पसरणारा बॅबेसिया श्वानाच्या तांबड्या रक्तपेशींत राहतो. गिम्सा रंजकाने रंगविलेल्या रक्तलेपात तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. परंतु संख्या अल्प असल्यास निसटतो. अशा वेळी पीसीआर चाचणी अधिक संवेदनक्षम ठरते. प्रतिपिंड चाचणीवरून केवळ पूर्वसंसर्गही सूचित होऊ शकतो.

शेळीतील हिमॉन्कस कृमी चौथ्या जठरात राहून रक्त शोषतो. रक्तचाचणीत हिमोग्लोबिनची घट कळते, कृमी नव्हे. त्यासाठी लेंड्यांतील अंडी तपासावी लागतात.

सारांश, एका रक्तलेपात परजीवी 'आढळला नाही' म्हणजे तो 'नाही', असे मानून उपचार थांबविणे प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.