आधी दोर, मग काठी

औंधात मी फ्लाय फिशिंगचा सराव करतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "गुरुजी, पण पाणी कुठाय?" प्रश्न रास्त आहे. खटाव तालुक्यातल्या माणसाचं निम्मं आयुष्य पावसाची वाट बघण्यात जातं. लोक औंधला येतात ते मूळपीठावरच्या यमाईच्या दर्शनाला, नाहीतर डोंगराच्या अंगावर पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय पाहायला. मासे धरायला इथं कोणी आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरी सकाळी सकाळी मैदानावर एक निवृत्त मास्तर नऊ फुटांची काठी हवेत मागंपुढं हलवताना दिसला, तर तो मीच, असं समजावं.

साधा गळ मला नोकरीच्या सुरुवातीपासून माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी येरळवाडीच्या तलावावर जायचं, बांबूच्या काठीला तंगूस बांधायचा, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची आणि बसायचं. चिलापी हमखास, मरळ कधीमधी. या प्रकारात काठीला फारसं काम नसतं. दोराला शिशाचा तुकडा बांधला की त्या वजनानंच दोर लांब जातो.

काही वर्षांपूर्वी चंडीगडला नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याचा फोन आला. "काका, कुल्लूकडं तीर्थन नदीत ट्राउट आहेत. एकदा या."

हा ट्राउट मूळचा आपला नव्हे. ब्रिटिशांनी १९०० साली त्याची अंडी बोटीनं आणून काश्मीरच्या पाण्यात रुजवली. पुढं १९०९ साली कुल्लू खोऱ्यात त्याचं उबवणी केंद्र निघालं. निलगिरीतही तो सोडला गेला. आपल्याकडं मात्र तो जगणार नाही, कारण त्याला वाहतं, थंड पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, हे त्याचं मुख्य कारण. आमच्या तळ्यात एप्रिल महिन्यात हात घालून पाहा, म्हणजे ट्राउटची अडचण कळेल.

ट्राउट बरेचदा पाण्यावर उतरलेल्या माश्या, चिलटं टिपून खातो. म्हणून गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवतात. हीच ती 'फ्लाय'. तिचं वजन एक ग्रॅमसुद्धा नसतं. कापसाचा बोळा भिरकावून पाहा, पुढ्यातच पडतो. तशीच ही माशी, मग ती तीस-चाळीस फूट लांब जायची कशी? शिसं बांधलं तर माशी बुडाली, कारभारच आटोपला. यावर तोड अशी काढली, की वजन दोरालाच द्यायचं. फ्लायचा दोर म्हणजे लाइन. ती साधारण मिलिमीटरभर जाडीची, प्लॅस्टिकचा थर चढवलेली आणि तरंगणारी असते. आपण फेकतो ती लाइन, आणि माशी तिच्या शेपटाला धरून जाते. काठी एखाद्या स्प्रिंगसारखी वाकते आणि सरळ होताना लाइनला पुढं ढकलते.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर माझे पैसे आणि पहिले दोन दिवस वाचले असते. मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. ट्राउटसाठी सामान हवं म्हणालो. विक्रेत्यानं चकचकीत रीळ काढून दाखवलं, मी भुललो. निम्म्याहून जास्त पैसे रिळावरच गेले. काठी दिली ती आठ नंबरची, "मजबूत आहे, सर" म्हणून. आणि लाइन पाच नंबरची, कारण तीच शिल्लक होती. तीर्थनच्या काठावर बर्फासारख्या पाण्यात गुडघाभर उभा राहून मी दोन दिवस हात मारत होतो आणि लाइन दरवेळी माझ्या पायाशी गुंडाळी होऊन पडत होती. तिसऱ्या दिवशी वाट दाखवायला आलेल्या तिथल्या माणसानं माझ्या काठीवरचा आकडा वाचला, काही न बोलता स्वतःची काठी माझ्या हातात दिली. पाचव्या-सहाव्या फेकीला लाइन सरळ गेली. मासा नाही मिळाला, पण चूक कुठं झाली ते कळलं.

ते आकडे असे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या साहित्य बनवणाऱ्यांनी लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन मोजून तिला नंबर द्यायचं ठरवलं. चार नंबर म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम, पाच म्हणजे नऊ, आठ म्हणजे साडेतेराच्या वर. काठीवर, मुठीच्या थोडं वर, ती कोणत्या नंबरच्या लाइनसाठी आहे ते छापलेलं असतं. आठ नंबरची काठी वाकायला साडेतेरा ग्रॅम लागतात. मी तिला नऊ ग्रॅम देत होतो. ती वाकतच नव्हती, मग ढकलणार काय? म्हणून आधी लाइनचा नंबर ठरवायचा आणि मग त्याच नंबरची काठी घ्यायची. ट्राउटसाठी पहिल्या खेपेला पाच नंबर. वाऱ्यात टिकतो, लहान माशीही अलगद टाकतो.

हे सगळं पुन्हा उगाळायचं कारण म्हणजे माझी नात, पुतण्याची मुलगी. बारा वर्षांची आहे. मागच्या सुट्टीत तिनं माझी ती आठ नंबरची काठी हट्टानं घेतली, दहा मिनिटांत मनगट दुखलं आणि "आबा, हे मला नाही जमणार" म्हणून ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं. जमत नव्हतं ते माझ्या चुकीच्या खरेदीमुळं, आणि दोष ती स्वतःला देत होती. आता मार्चनंतर पुन्हा तीर्थनला जायचं ठरतंय. तिच्यासाठी वेगळी काठी घ्यायची आहे.

मोठ्या माणसाला साडेआठ ते नऊ फुटांची काठी ठीक. तिच्यासाठी मी आठ फुटी, चार नंबरची ठरवली आहे, हाताला हलकी. ग्रॅफाइटची असावी. पूर्वी चिरलेल्या बांबूच्या काठ्या असत, नंतर काचतंतूंच्या आल्या, १९७० नंतर ग्रॅफाइट आलं. त्याचा एक धोका दुकानदार सांगत नाहीत: ग्रॅफाइटमधून वीज वाहते. त्या पहाडांत नदीवरून जागोजाग विजेच्या तारा गेलेल्या असतात. तारेखाली काठी उभी करायची नाही आणि आभाळ गडगडलं की ती खाली ठेवून लांब जायचं. पोरीला मी हे सगळ्यात आधी सांगणार आहे.

काठीची चाल म्हणजे ती कुठून वाकते ते. फक्त शेंड्याला वाकणारी काठी वेगवान म्हणवते आणि विक्रेते तिचीच स्तुती करतात. शिकाऊ माणसानं मधोमध वाकणारी, मध्यम चालीची घ्यावी. लाइनचं वजन काठीवर आलेलं हाताला जाणवतं आणि फेक केव्हा थांबवायची ते आपोआप कळतं. चार तुकड्यांची घेतली तर नळकांड्यात बसते, रेल्वेत सांभाळता येते.

लाइनच्या खोक्यावर 'डब्ल्यूएफ-५-एफ' असं काहीतरी असतं. पहिली दोन अक्षरं म्हणजे वजन पुढच्या टोकाकडं, मधला नंबर, शेवटचा 'एफ' म्हणजे तरंगणारी. पहिली लाइन अशीच घ्यावी. पैसे वाचवायचे असतील तर रिळावर वाचवा, लाइनवर नको. हलकी लाइन वर्षभरात तडकते, मग तरंगत नाही. आणि एक गंमत सांगतो, डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ते लाइनचं प्लॅस्टिक खातं. मलम लावलेल्या हातानं लाइन धरू नये.

रिळाबद्दल फार बोलत नाही. पावशेर-अर्ध्या किलोचा ट्राउट आपण लाइन हातानं ओढूनच आणतो, रीळ नुसतं लाइन साठवायला. त्यावर पाच नंबरची लाइन आणि तिच्याखाली पन्नासेक मीटर बारीक विणलेला दोर मावला पाहिजे, एवढं पाहावं. हा खालचा दोर रिळाचा गाभा भरून काढतो, त्यामुळं लाइनला घट्ट वेटोळी पडत नाहीत.

लाइनच्या पुढं नऊ फुटांचा, टोकाकडं बारीक होत गेलेला पारदर्शक दोर लागतो, कारण जाड लाइन माशाला दिसते. त्याच्या टोकाची जाडी 'एक्स'मध्ये सांगतात. अकरातून तो आकडा वजा केला की इंचाचे हजारावे भाग मिळतात. पाच एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, सुमारे दीड दशांश मिलिमीटर. गणित शिकवलेल्या माणसाला हा नियम फार आवडला. फार बारीक घेऊ नये. मासा तासभर झुंजवत ठेवला तर परत सोडूनही तो वाचत नाही.

हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. आपल्याकडचे तलाव बहुधा मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा तिथं आधी संस्थेला विचारावं. पाच नंबरच्या काठीला चिलापीसुद्धा झकास लागतो.

पण सराव पाण्याशिवाय होतो, आणि तिथं औंधकर मागं नाहीत. हिरवळीवर करावा, सिमेंटवर लाइन घासते. गळ न लावता टोकाला लोकरीचा गोंडा बांधायचा. काठी डोक्याच्या जरा मागं गेली की थांबवायची, मागची लाइन सरळ होईपर्यंत दम धरायचा आणि मग पुढं आणायची. सगळे चुकतात ते या दम धरण्यातच. परवा नात दोन दिवसांसाठी आली होती. शेजाऱ्याची पाच नंबरची काठी मागून आणली, तिला लाल गोंडा बांधून दिला. पहिल्या दिवशी अर्धा तास गोंधळ. दुसऱ्या दिवशी लाइन मागं उलगडली, पुढं सुटली आणि गोंडा बरोब्बर मी ठेवलेल्या परातीत पडला. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, तेवढ्यात शेजारच्या कुत्र्यानं गोंडा उचलला आणि लाइनसकट मैदानभर पळाला. कुत्र्याला आवरेपर्यंत खालचा दोर दिसायला लागला होता.