पोत्यात धान्य की मीठ?

छोट्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायला मोठं बजेट लागत नाही. लागते ती पोतं उघडून बघायची सवय!

देवगिरीचा किल्ला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आधी शाळेच्या सहलीत, मग कॉलेजच्या बाइक-ट्रिपला आणि हल्ली पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की. भोवती खंदक, तासलेला उभा कडा आणि वर जाणाऱ्या वाटेवर ती अंधारी. यातलं बरंचसं काम नंतरच्या राजवटींचं, पण कडा तेव्हाही तोच होता. सिक्युरिटी म्हणावी तर ही! तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला आणि रामदेवराय यादवांना तह करावा लागला. त्याचं एक कारण जुन्या तवारिखांत सांगितलंय. वेढा पडताना घाईघाईने गडावर पोती चढवली होती, धान्याची समजून. गरज पडली तेव्हा उघडली, तर आत मीठ!

आता सांगा, तुमच्या ऑफिसातलं पोतं कुठलं? अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये एक एक्स्टर्नल हार्डडिस्क असते. तिच्यावर स्केचपेनने ‘बॅकअप’ असं लिहिलेलं असतं. दर शनिवारी कुणीतरी ती इमाने-इतबारे जोडतं, कॉपी मारतं आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवतं. ती शेवटची उघडून कुणी बघितली होती? बहुतेक ऑफिसांत या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात.

आयटी डिपार्टमेंट म्हणजे तुम्हीच!

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा प्लांट आला आणि त्याच्या आगेमागे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. कुणी प्रेसचे पार्ट काढतं, कुणी मशीनिंग करतं, कुणी रबराचे, तर कुणी प्लास्टिकचे. चिकलठाण्याला, शेंद्र्यालाही तेच चित्र. वीस-पंचवीस माणसं, सहा कॉम्प्युटर, एक टॅली, एक प्रिंटर. इथे आयटी डिपार्टमेंट म्हणजे कोण? तर ज्याला अडकलेला प्रिंटर चालू करता येतो तो! म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच. पगार अकाउंट्सचा किंवा डिझाइनचा, पण ‘अरे, जरा बघ ना काय झालं’ ही हाक तुमच्याच नावाने.

‘आपल्याकडे कोण हॅकर येणार? आपण एवढेसे!’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्याला उत्तर जपानमध्ये आहे. टोयोटाला प्लास्टिकचे आणि इलेक्ट्रॉनिक पार्ट पुरवणारी कोजिमा इंडस्ट्रीज नावाची कंपनी. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी तिच्या सर्व्हरवर व्हायरसचा हल्ला झाला. हल्लेखोर आत शिरले ते तिच्या एका उपकंपनीत, लांबून काम करण्यासाठी बसवलेल्या जोडणीतून. टोयोटाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला धक्काही लागला नव्हता. पण पार्टच्या ऑर्डरी आणि डिलिव्हरीचा हिशेबच ठप्प झाला आणि १ मार्च २०२२ ला टोयोटाने जपानमधले आपले सगळे, म्हणजे १४ कारखाने दिवसभर बंद ठेवले. सुमारे १३ हजार गाड्यांचं उत्पादन बुडालं.

टोयोटाला एक दिवस परवडला. पण वाळूजच्या व्हेंडरमुळे मोठ्या कंपनीची लाइन थांबली, तर पुढच्या महिन्यात येते ती डेबिट नोट, आणि त्याच्या पुढच्या ऑर्डरीला येतो दुसरा व्हेंडर. त्या वीस-पंचवीस जणांच्या पगारात तुमचाही पगार आहे, मंडळी!

म्हणून पहिलं काम. मशीनच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसवाल्याने तुमच्या पीसीवर लांबून काम करण्यासाठी एखादं अ‍ॅप टाकून ठेवलंय का, बघा. काम असेल तेव्हाच चालू करायचं, संपलं की बंद. घराचं दार प्लंबरसाठी वर्षभर उघडं ठेवतो का आपण?

लाइट गेली म्हणून वाचले

दुसरी गोष्ट तर आपल्या बंदरापर्यंत आलेली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिकडच्या ऑफिसांत ते सॉफ्टवेअर आपल्याकडच्या टॅलीइतकंच रुळलेलं. तिथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत घुसला आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलवरचं काम थांबलं. कुठे युक्रेनचा अकाउंटंट आणि कुठे उरणच्या रस्त्यावर उभे कंटेनर!

यातली मजा पुढे आहे. मर्स्कच्या नेटवर्कची किल्ली सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांची कॉपी घेत होते. सगळ्यांना वाटत होतं, एक गेला तर दुसरा आहेच. पण व्हायरस आला आणि एकापाठोपाठ सगळे पुसले गेले. वाचला एकच, घानामधला. का? तर त्या वेळी तिथे लाइट गेली होती! लोडशेडिंगला शिव्या घालत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या एका सर्व्हरच्या आधारावर पुढे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले गेले.

धडा साधा आहे. क्लाउडवरच्या फोल्डरशी ‘सिंक’ करून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल खराब झाली की तिकडेही खराब कॉपी जाते. जगभर चालणारा नियम आहे ३-२-१. डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. आपण त्यात एक भर घालू या. एक कॉपी तरी वायर काढून ठेवलेली हवी. व्हायरसला वायरशिवाय ड्रॉवरमध्ये शिरता येत नाही.

आणि महिन्यातून एकदा पोतं उघडा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती कॉपी चढवा. मागच्या शनिवारचं शेवटचं बिल त्यात दिसतंय का, ते बघा. घड्याळ लावा. पूर्ण टॅली पुन्हा उभं राहायला तासभर लागला की दीड दिवस? तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेठ लग्नात, गाडी गेटवर

१ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर लॉगिन करताना सगळ्यांनाच ओटीपी लागतो. नियम चांगला, पण आपण त्याचं काय करतो? सगळी कंपनी एकाच लॉगिनवर चालते आणि ओटीपी जातो शेठच्या मोबाइलवर. शेठ जालन्याला लग्नात, डीजे चालू, फोन खिशात. इकडे माल भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय! शेवटी वैतागून शेठ ओटीपी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकायला लागतात. झाली सिक्युरिटी आणि झालं काम!

खरं तर त्याच पोर्टलवर कामाप्रमाणे वेगळे सब-युजर करता येतात. डिस्पॅचवाल्याचं लॉगिन वेगळं, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. कुणी कुठलं बिल काढलं, तेही कळतं. सुरक्षाही वाढली आणि गाडीही वेळेवर सुटली. टॅलीतही प्रत्येकाला वेगळा युजर आणि कामापुरतीच परवानगी देता येते. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबात कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सगळेच जण एकाच नावाने लॉगिन करत असतील, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

नेट बँकिंगमध्येही एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय कंपनीच्या खात्यासाठी मागून घ्या. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन दिवसभर पीसीला लावून आणि पिन त्याच्याच स्टिकरवर लिहून ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकबुकवर सह्या करून ठेवण्यासारखं. आणि नोकरी सोडून गेलेल्याला निरोपाचा नारळ देतो, तेव्हाच त्याची लॉगिनंही बंद करायची. राग म्हणून नाही. उद्या काही झालं तर त्या बिचाऱ्यावर आळ नको म्हणून!

‘आमचा अकाउंट नंबर बदललाय’

सगळ्यात महागडा हल्ला दिसायला सगळ्यात साधा असतो. नेहमीच्या सप्लायरचा मेल येतो, नेहमीचंच बिल, नेहमीचाच लोगो. खाली एक ओळ: ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पेमेंट या खात्यात करावे. मेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर वेगळं असतं, किंवा सप्लायरचा खरा मेलच कुणीतरी बळकावलेला असतो. मेलच्या आडून होणाऱ्या अशा फसवणुकीत २०२३ या एका वर्षात २९० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे आल्या.

उपाय फुकट आहे. खातं बदलल्याचा मेल आला की फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर. दोन मिनिटं लागतात. ‘अर्जंट आहे, साहेबांनी सांगितलंय’ असं कुणी म्हणालं तर तीन मिनिटं लावा!

आणि तरीही पैसे गेलेच तर? लगेच १९३० ला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात. कॉम्प्युटरवर व्हायरसचा मेसेज आला तर आधी नेटची वायर काढा, स्क्रीनचा फोटो घ्या, घाबरून फॉरमॅट मारू नका. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवाव्या लागतात.

फायनल, फायनल-२, एकदम फायनल

आता प्रॉडक्टिव्हिटी! ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, कुणीतरी डेस्कटॉपवर उतरवतं, दुरुस्ती दुसऱ्याच्या मेलवर येते आणि शॉपवर चिकटलेली प्रिंट असते जुनीच. मग पाचशे नग जुन्या मापाने कापले जातात आणि सगळे स्क्रॅपमध्ये. यात हॅकर कुठेच नाही, पण नुकसान तितकंच खरं.

साधा हिशेब करा. सहा जण रोज वीस-वीस मिनिटं फाइल शोधत असतील, तर दिवसाचे दोन तास गेले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० तास. म्हणजे एका माणसाचे सहा दिवस, फक्त ‘अरे, ती फाइल कुठंय?’ विचारण्यात! एकच शेअर्ड फोल्डर, फाइलच्या नावात पार्ट नंबर, रिव्हिजन आणि तारीख, जुनी रिव्हिजन वेगळ्या कप्प्यात. बस्स. आणि गंमत बघा, सगळं एका जागी असलं की बॅकअपही एकाच जागेचा घ्यावा लागतो. नीट लावलेलं कपाट शोधायला सोपं आणि कुलूप लावायलाही सोपं.

हे बॉसला कसं पटवायचं? ‘सायबर सिक्युरिटी’ हा शब्दच काढू नका. तो ऐकला की समोर खर्चाचं कोटेशन दिसतं. एकच विचारा, ‘सर, उद्या सकाळी टॅली उघडलंच नाही, तर सात तारखेचा पगार कसा करायचा?’ मग गप्प बसा. पुढचं ते स्वतःच विचारतील.

एका शनिवारचा प्लॅन

• सकाळी ११: ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, लॉगिन आणि ते कुणाकडे आहेत याची यादी.
• ११.३०: सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद. राहिलेल्यांना लांबलचक, पण लक्षात राहणारे पासवर्ड आणि मेलला ओटीपीचं दुसरं कुलूप.
• १२.१५: कुठल्या मशीनवर काय चालतं? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. सीएनसीला जोडलेला जुना पीसी बदलता येत नसेल, तर त्याला इंटरनेटपासून लांब ठेवा.
• १: बँकेच्या मंजुरीचे दोन युजर, पोर्टलचे सब-युजर.
• २.३० (जेवण झाल्यावर!): शेअर्ड फोल्डर आणि नावं ठेवायचा नियम.
• ३.३०: बॅकअपची हार्डडिस्क दुसऱ्या पीसीवर उघडून बघणे.

त्या शेवटच्या अर्ध्या तासात मागच्या शनिवारचं बिल स्क्रीनवर दिसलं, तर खुशाल कॅनॉटला कॉफी प्यायला जा. नाही दिसलं, तरी हरकत नाही. पोत्यात मीठ आहे, हे वेढा पडायच्या आधी कळलं!