भंडारदऱ्याची भिंत आणि न लिहिलेली शून्यं

अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण, म्हणजेच विल्सन डॅम, सुमारे ८२ मीटर उंच आहे. पाण्याच्या दाबाखाली ही दगडी भिंत कुठे किती ताणली जाते हे संगणकावर पाहायचं, तर तिचे बारीक ठोकळे कल्पायचे आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे नोडवर, समीकरणं मांडायची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे का गेले, याचा हिशेब चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी १९७३ साली याच पद्धतीने मांडला. भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथेच ताण एकवटला होता.

समजा, भंडारदऱ्याच्या भिंतीत एक लाख नोड धरले. प्रत्येक नोड तीन दिशांना हलू शकतो, म्हणून अज्ञातं तीन लाख. समीकरणांच्या मॅट्रिक्सची घरं ९,००० कोटी. दर घराला आठ बाइट धरले तर ७२० जीबी. पण नोडचं देणंघेणं फक्त लगतच्या शेजाऱ्यांशी. आठ कोपऱ्यांचे ठोकळे घेतले, तर एका ओळीत फार तर ८१ घरं भरतात. बाकी सगळी शून्यं, आणि ती लिहायचीच कशाला?

भरलेली घरं लिहायच्या तऱ्हा मात्र अनेक. सातबारा गटनिहाय असतो आणि आठ-अ खातेनिहाय. जमीन तीच, मांडणी वेगळी. सीएसआर म्हणजे ओळनिहाय नोंद, सीएससी म्हणजे स्तंभनिहाय. तिसरी तऱ्हा सीओओ: ओळ, स्तंभ आणि किंमत असं त्रिकूट, सापडेल त्या क्रमाने. ठोकळे जोडताना सीओओसारखं सुख नाही. गणित सोडवताना मात्र सीएसआर किंवा सीएससी लागतं. मॅटलॅब तर आतून सीएससीच ठेवतं.

सीओओचं सीएसआरमध्ये रूपांतर होतं कसं? एका रेषेत चार नोड आणि त्यांना जोडणारे तीन सारखे तुकडे घ्या. दर तुकडा चार नोंदी देतो, एकूण १२. त्या ओळवार मोजल्या की २, ४, ४, २. बेरीज करत गेलं की ०, २, ६, १०, १२: कुठल्या ओळीचा माल कुठून सुरू होतो, त्याचा हा पत्ता. मग एकेक नोंद उचलून आपल्या ओळीत टाकायची. दुसऱ्या नोडवर दोन तुकड्यांचा वाटा येतो. दोन्ही मिळवून एकच नोंद ठेवायची. तिसऱ्याचंही तसंच. १२ च्या १० होतात आणि पत्ते ०, २, ५, ८, १०. क्रम लावायची कटकट नाही, नोंदी जितक्या तितकंच काम.

म्हणूनच रूपांतराला घाबरून थेट सीएसआरमध्ये एकेक आकडा घुसवत बसणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. दर नव्या नोंदीला तिच्यापुढचे सगळे आकडे सरकवावे लागतात. पायथनमधलं सायपाय तसा इशाराही देतं, पण तो वाचतो कोण! आपल्या धरणात भरलेली घरं जवळपास २.४३ कोटी: दुबार नोंदी मिळवल्यावर सीओओत सुमारे ३९० एमबी, सीएसआरमध्ये २९३. रूपांतर चालू असताना दोन्ही एकदम मेमरीत राहतात, एवढं भान ठेवावं.

मॅट्रिक्स सममित असेल तर सीएसआरचे आकडे जसेच्या तसे सीएससी म्हणून वाचता येतात, रूपांतर फुकट. पण जलाशयातल्या पाण्याचा दाबही अज्ञात म्हणून गणितात घेतला, की नेहमीच्या मांडणीत ही सममिती मोडते. तेव्हा हीच युक्ती वापरली तर ओळी आणि स्तंभ अदलाबदल झालेलं भलतंच गणित सुटतं, आणि संगणक चकार शब्द काढत नाही.