चक्रीवादळासाठी घरगुती पूर्वतयारी (कोकण)

चक्रीवादळासाठी घरगुती पूर्वतयारी म्हणजे वादळापूर्वी, वादळ चालू असताना आणि ते ओसरल्यानंतर कुटुंबाची जीवितहानी व घराचे नुकसान टाळण्यासाठी घराच्या पातळीवर योजले जाणारे उपाय. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्याच्या, विशेषतः रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या संदर्भात या उपायांची माहिती दिली आहे. कोकणात पावसाळ्याच्या तयारीची परंपरा जुनी आहे. परंतु ती मुख्यतः पावसाचा विचार करून घडलेली आहे. वाऱ्याचा विचार तिच्यात कमी आहे, आणि काही बाबतींत पावसासाठी सोयीचे असलेले बांधकाम वाऱ्यासमोर दुबळे ठरते.

पार्श्वभूमी

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या तुलनेने कमी चक्रीवादळे निर्माण होतात आणि त्यांपैकी अनेक ओमान किंवा गुजरातच्या दिशेने जातात. त्यामुळे कोकणाला थेट तडाखा क्वचित बसतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' हे वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० कि.मी. आणि झोतांचा वेग १२० कि.मी.पर्यंत असल्याचे भारतीय हवामान विभागाने नोंदवले. मे २०२१ मधील 'तौक्ते' कोकणात जमिनीवर आले नाही. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत ते गुजरातला धडकले. तरीही वाटेत कोकणातील घरे, बागा व वीजवाहिन्या यांचे त्याने मोठे नुकसान केले.

'निसर्ग' वादळाने घरांची छपरे, नारळी-पोफळीच्या बागा, विजेचे खांब व दूरध्वनीचे मनोरे एकाच दिवशी पाडले. अनेक गावांत वीजपुरवठा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. वादळाची वेळही प्रतिकूल होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणातील घरांत आगोटीची बेगमी, म्हणजे चार महिन्यांचे धान्य, सुकी मासळी, पापड, आमसुले व कोरडे सरपण, नुकतीच भरलेली असते. छप्पर उडाल्यावर काही दिवसांतच मोसमी पाऊस सुरू होतो. छप्पर वाचवणे म्हणजे कोकणात वर्षाचे अन्न वाचवणेही असते.

छप्पर

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. छपरावर हा दाब केवळ ढकलणारा नसतो. वारा छपरावरून वाहताना वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. कडा, कोपरे व आढ्यालगतचा भाग यांवर ही ओढ सर्वाधिक असते. त्यामुळे वजन पेलण्यासाठी बांधलेले छप्पर उचलले जाण्यास विरोध करू शकेलच असे नाही.

लांब वळचण हे याचे ठळक उदाहरण होय. पागोळ्या मातीच्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून कोकणी घराचे छप्पर भिंतीबाहेर बरेच पुढे काढलेले असते. पावसाच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे. वाऱ्याला मात्र तीच वळचण खालून धरायला सापडते. म्हणून वादळी प्रदेशात छप्पर भिंतीबाहेर सुमारे अर्ध्या मीटरपेक्षा अधिक काढू नये, असे सांगितले जाते. जुन्या घराची वळचण तोडणे व्यवहार्य नसल्यास तिचे वासे भिंतीवरील तुळईला लोखंडी पट्ट्यांनी किंवा जाड तारेने बांधता येतात. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवल्यास पडवी गेली तरी घर राहू शकते. चारही बाजूंना उतार असलेले चौपाखी छप्पर दुपाखी छपरापेक्षा वाऱ्याला अधिक तोंड देते. याबाबतीत जुन्या कारागिरांची पद्धत आजच्या अनेक नव्या बांधकामांपेक्षा सरस आहे.

दरवर्षीच्या शाकारणीत फुटकी कौले बदलली जातात आणि गळती थांबवली जाते. त्याच वेळी कडेच्या व आढ्याजवळच्या ओळींतील कौले रिपांना तारेने बांधणे शक्य असते. मंगलोरी कौलांना त्यासाठी बहुधा भोक ठेवलेले असते. पत्र्याच्या छपरात आकड्यांची संख्या कडेला वाढवावी, गंजलेले आकडे बदलावेत आणि वॉशर रुंद वापरावेत. पत्र्यावर दगड, विटा किंवा जुने टायर मोकळे ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. मोठ्या वादळात हे दगड पत्र्याला धरून ठेवत नाहीत, उलट ते खाली कोसळून इजा करतात. वाळूची पोती दोरखंडाने जोडून छपराच्या दोन्ही बाजूंना सोडणे त्यापेक्षा बरे.

वादळात एखादी खिडकी उघडी ठेवल्यास घरातील दाब समतोल राहतो, हा समज चुकीचा आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि वरची ओढ त्याला साथ देते. दारे-खिडक्या बंद ठेवून आतून अडसर लावावेत. काचेच्या तावदानांवर बाहेरून फळ्या ठोकाव्यात.

घराचा परिसर

घरालगतच्या नारळ, आंबा, फणस अशा झाडांच्या धोकादायक फांद्या मे महिन्यापूर्वी उतरवून घेतल्या जातात. वादळाचा इशारा मिळाल्यानंतर झाडावर चढणे धोक्याचे असते. सुके नारळ व सुकलेल्या झावळ्याही काढाव्यात. अंगणातील मोकळे पत्रे, कुंड्या, पाण्याच्या रिकाम्या टाक्या व दुचाकी बांधून किंवा आत ठेवाव्यात. पाण्याची टाकी भरून ठेवल्यास ती वजनामुळे जागेवर राहते आणि पाण्याचा साठाही होतो. गोठा कच्चा असल्यास गुरांची दावी सोडावीत.

इशारे

हवामान विभागाचे चक्रीवादळविषयक इशारे टप्प्याटप्प्याने दिले जातात. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास, दुसरा इशारा ४८ तास आणि तिसरा २४ तास आधी मिळतो. वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या वाटचालीचा अंदाज सुमारे १२ तास आधी दिला जातो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी तयार राहण्यास आणि लाल रंग कृती करण्यास सांगतो. बंदरांवर लावल्या जाणाऱ्या बावट्याचे क्रमांक मुख्यतः जहाजे व होड्यांसाठी असतात.

वादळाचे केंद्र कोठे येणार याकडेच सर्वांचे लक्ष असते. परंतु पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेकडील भागात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्यामुळे वादळी उधाणाचा धोका तेथे अधिक असतो. केंद्र उत्तरेला सरकल्याची बातमी म्हणजे सुटका असे खाडीकाठच्या वस्तीने समजू नये.

स्थलांतर व कुटुंब

कच्चे घर, खाडीलगतचे घर आणि मोठ्या झाडाखालील घर वेळीच सोडणे हाच सुरक्षित पर्याय असतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले. २०१३ च्या 'फायलिन' वादळापूर्वी लाखो लोकांना हलवल्यामुळे मृतांची संख्या काही दशकांवर आली. पक्क्या स्लॅबचे शेजारघर, शाळा किंवा निवारा यांपैकी कोठे जायचे हे आधी ठरलेले असावे.

कोकणातील अनेक घरांत वृद्ध आई-वडील गावी आणि मुले मुंबई-पुण्यात असतात. वादळानंतर भ्रमणध्वनी बंद पडले की चाकरमान्यांना घराची खबर मिळत नाही. त्यामुळे वृद्धांना कोणी व कोठे न्यायचे, हे शेजाऱ्यांशी बोलून नावानिशी निश्चित करावे लागते. वाडीतील दोन-तीन घरांचे आणि तालुक्याच्या गावातील एखाद्या नातेवाइकाचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

घरात माणशी रोज ३ ते ४ लिटर पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येणारे पदार्थ, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, कोयती, दोरखंड व ताडपत्री असावी. ताडपत्री आधीच घेतलेली बरी. वादळानंतर कौले, पत्रे व ताडपत्री यांचा बाजारात तुटवडा पडतो. नियमित औषधे किमान दोन आठवड्यांची ठेवावीत. सातबारा, आधार, शिधापत्रिका, बँकेची पासबुके प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बरोबर घ्यावीत.

वादळ चालू असताना

विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. कौलारू घरात माळ्याखालचे माजघर हीच बहुधा सर्वांत सुरक्षित जागा, कारण निसटलेली कौले माळ्यावर अडतात. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असल्यास वारा अचानक पडतो, क्वचित ऊनही दिसते. ही शांतता थोडा वेळच टिकते आणि नंतर वारा जवळजवळ उलट दिशेने सुरू होतो. कौले सारखी करण्यासाठी किंवा गुरे पाहण्यासाठी या काळात बाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

वादळानंतर

तुटलेल्या तारांना, त्या निर्जीव दिसत असल्या तरी, हात लावू नये. जनित्र घरात किंवा पडवीत चालवल्यास त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू होतो. उधाणाचे किंवा पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी विहीर उपसून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

शासकीय मदत पंचनाम्यावर अवलंबून असते. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक येण्यापूर्वी साफसफाई करावी लागल्यास पडझडीची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत. घर व बागेची वादळापूर्वीची छायाचित्रे असल्यास तुलना सोपी होते. पडलेल्या झाडांची संख्या जातीनुसार मोजून लिहावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यातील नोंदी वाचून घ्याव्यात आणि त्याची प्रत मागून घ्यावी.