बँकेचें स्वतःचें भांडवल आणि आपली ठेव

उसाचें बिल किंवा कापसाची पट्टी हातीं आली म्हणजे आपण ती रक्कम बँकेंत ठेवतों, आणि व्याजाचा दर तेवढा विचारून घरीं परततों. त्या बँकेनें स्वतःचे किती रुपये धंद्यांत घातले आहेत, हें मात्र शंभरांत एखादाच विचारतो. वास्तविक ठेवीची सुरक्षितता याच प्रश्नावर पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

हिशेब साधा आहे. बँकेनें दिलेल्या शंभर रुपये कर्जांत बारा रुपये भागधारकांचे व राखीव निधीचे असले, तर बारा रुपये बुडेपर्यंत तोटा मालकांचाच होतो. त्यांचे दोनच असले, तर तिसऱ्या रुपयापासून ठेवीदार बुडूं लागतो. नफा झाल्यास तो मात्र मालकांस मिळतो. घरचें बियाणें पेरणारा वापसा पाहून तिफण धरतो; दुसऱ्याचें बियाणें असलें म्हणजे धूळपेरणीचें धाडस सहज होतें.

हें धाडस आवरण्यासाठीं १९८८ सालीं बाझल येथें ठरलेल्या नियमानें कमींत कमी ८ टक्के भांडवल आवश्यक केलें. भारतांत हें प्रमाण ९ टक्के ठरलें. प्रत्येक कर्जास धोक्याप्रमाणें वजन असतें. सरकारी रोख्यांस वजन शून्य, सामान्य व्यापारी कर्जास शंभर. यामुळें बँकेचा पैसा हलक्या वजनाकडे वळतो. नोव्हेंबर २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें व्यापारी बँकांच्या वैयक्तिक कर्जांचें वजन १०० वरून १२५ टक्के केलें, तें हा ओघ आवरण्यासाठींच.

दुसरी गोष्ट विम्याची. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. प्रथम १५०० रुपयांपर्यंत असलेलें हें संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत झालें. लहान ठेवीदार त्यानें वांचतो हें खरें. परंतु निर्धास्त ठेवीदाराची बँकेवरील नजर सुटते. ती उणीव सरकारी देखरेखीनें भरून काढावी लागते.

सहकारी बँकेंत आणखी एक अडचण आहे. तेथें कर्ज घेणारास बहुधा कर्जाच्या प्रमाणांत भाग घ्यावे लागतात. म्हणजे मालकी बव्हंशीं कर्जदारांची आणि पैसा ठेवीदारांचा! कर्ज सुलभ असावें असें मालकांस वाटणें स्वाभाविक आहे.

शिवाय प्रमाण कागदावर पुरेसें असणें निराळें आणि खरें असणें निराळें. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हां ठेवीदारांस प्रथम अवघे १००० रुपये काढण्याची मुभा होती. कागदावर तिचें भांडवल नियमापेक्षां अधिक होतें. परंतु सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच घरबांधणी समूहाकडे गुंतलें होतें, आणि तें हजारों बनावट खात्यांआड लपविलें होतें. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्यास याचें नवल वाटत नाहीं. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी नेहमीं हिरवीगारच असते! जानेवारी २०२२ मध्यें ही बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली. ५ लाखांवरील ठेवींची फेड मात्र दहा वर्षांपर्यंत लांबली.

पुढें नियम कडक झाले. २०२० सालीं एका समूहास द्यावयाच्या कर्जाची मर्यादा भांडवली निधीच्या ४० टक्क्यांवरून मूळ भांडवलाच्या २५ टक्क्यांवर आली. २०२२ सालीं, सर्वसाधारणपणें १०० कोटींहून अधिक ठेवींच्या नागरी सहकारी बँकांस ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के प्रमाण गांठण्यास सांगण्यांत आलें. यांत एक धोका आहे. कर्जें कमी केल्यानेंही प्रमाण वाढतें, आणि तसें झाल्यास लहान शेतकऱ्याचें कर्ज आधीं अडण्याचा संभव असतो.

तेव्हां वाचकांस विनंती कीं, आपण सभासद असलेल्या बँकेच्या वार्षिक सभेस अवश्य जावें, आणि अहवाल हातीं घेऊन तीन प्रश्न विचारावेत: भांडवलाचें प्रमाण किती, थकबाकी किती, आणि सर्वांत मोठ्या कर्जदाराकडे किती रक्कम आहे? उत्तर देतांना चालक चांचरले, तर व्याजाचा अधिक दर पाहून तेथें पीक विकल्याचा पैसा ठेवूं नये.