उतारवयात नवा डाव

5 नोव्हेंबर 2011 च्या रात्री अमेरिकेतल्या टस्कलूसा गावात अलाबामा आणि लुइझियाना स्टेट या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना झाला. देशातले पहिल्या दोन क्रमांकांचे संघ. पूर्ण वेळ खेळून झाला, जादा वेळही झाला, आणि अलाबामा 9-6 ने हरलं. दोन्ही बाजूंना एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे कुणालाच पोचता आलं नाही. आता त्याच अलाबामाचा 2020 चा हंगाम बघा. तेरापैकी तेरा सामने जिंकले आणि दर सामन्याला सरासरी 48 हून जास्त गुण! हे दोन्ही संघ घडवणारा माणूस एकच, प्रशिक्षक निक सेबन. पहिल्या वेळी वय 60, दुसऱ्या वेळी 69. ज्या वयात माणसं आपलंच म्हणणं अधिकाधिक ठामपणे सांगू लागतात, त्या वयात या गृहस्थांनी आपला खेळ मुळापासून उलटा केला. हे कसं घडलं, हे समजून घेताना मी अक्षरशः थक्क होत गेलो.

हा आपला पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. खेळणारी मुलं विद्यार्थी असली, तरी टस्कलूसाचं स्टेडियम एक लाख माणसांचं आहे आणि गावाची लोकसंख्याही साधारण तेवढीच.

सेबन मूळचे बचावाचे माणूस. त्यांची सारी विद्या दोन प्रयत्नांमधल्या तीस-चाळीस सेकंदांत सामावलेली होती. आक्रमण करणारा संघ घोळका करून पुढची चाल ठरवत असे, तेवढ्यात सेबन परिस्थिती ओळखून आपले खेळाडू बदलत, खुणा करून प्रत्येकाला त्याची जागा आणि काम सांगत. मग काही संघांनी घोळका करणंच सोडून दिलं. एक प्रयत्न संपला की लगेच दुसरा. बचावातल्या धिप्पाड पोरांना ना दम घ्यायला वेळ, ना बाहेर जायला.

सेबन वैतागले. फुटबॉल असा व्हावा अशी आपली इच्छा आहे का, असा सवाल त्यांनी 2012 मध्ये जाहीरपणे केला आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आणला. त्याच नोव्हेंबरमध्ये अशाच वेगाने खेळणाऱ्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा जॉनी मॅन्झेल टस्कलूसात येऊन त्यांच्या बचावाला पळवून पळवून 29-24 असा जिंकून गेला. फेब्रुवारी 2014 मध्ये एक प्रस्ताव आला: आक्रमण करणाऱ्यांनी पहिली दहा सेकंदं चेंडू खेळात आणू नये, म्हणजे बचावाला माणसं बदलता येतील. सेबननी नियम समितीपुढे आपली बाजू मांडली. प्रस्ताव बारगळला.

पण मला खरी गंमत वाटते ती आदल्या महिन्याची. जानेवारी 2014 मध्येच सेबननी आपल्या आक्रमणाची सूत्रं लेन किफिनकडे दिली होती. वय 38. चारच महिन्यांपूर्वी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने याला सामना हरून परतताना विमानतळावरच नारळ दिला होता. स्वभावानेही दोघं दोन टोकांचे. म्हणजे एकीकडे हा वेग थांबवा म्हणून भांडायचं आणि दुसरीकडे तोच वेग शिकवणारा माणूस घरात आणायचा! यात मला दुटप्पीपणा दिसत नाही. आपलं म्हणणं मांडावं, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नये, असा हा हिशेब होता.

किफिनच्या आक्रमणात जी चाल रुळली, ती जवळून बघण्यासारखी आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणारा खेळाडू, चेंडू शेजारच्या धावपटूच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. त्या अर्ध्या क्षणात त्याची नजर समोरच्या एकाच माणसावर, बचावाच्या मधल्या फळीतल्या एका लाइनबॅकरवर असते. तो धावपटूला अडवायला पुढे झेपावला, की चेंडू ओढून घेऊन त्याच्याच मागे रिकाम्या झालेल्या जागेत फेकायचा. तो जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूच्या हातात सोडून द्यायचा. लाइनबॅकरने काहीही केलं तरी तो चुकतो. शिवाय कॉलेजच्या नियमांनुसार पुढच्या फळीला फेकीआधी तीन यार्डांपर्यंत आत घुसता येतं. व्यावसायिक लीगमध्ये ही मुभा एकच यार्ड. त्यामुळे बिचाऱ्या लाइनबॅकरला समोरचं चित्र पळापळीचंच दिसतं. बचावात हयात घालवलेल्या माणसाने बचावाला असं कोंडीत पकडणारी चाल आपल्या संघाला शिकवू द्यावी, याचं मोल मला त्यांच्या सात राष्ट्रीय विजेतेपदांपेक्षा कमी वाटत नाही.

आणि आता त्याहून चकित करणारी गोष्ट. याच विद्यापीठात हे सगळं एकदा घडून गेलेलं होतं. पॉल 'बेअर' ब्रायंट हे प्रशिक्षक म्हणजे तिथलं दैवत. 1969 आणि 1970 या दोन्ही हंगामांत त्यांना जेमतेम सहा-सहा विजय मिळाले आणि म्हातारा संपला अशी कुजबुज सुरू झाली. 1971 च्या उन्हाळ्यात त्यांनी टेक्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून 'विशबोन' ही रचना समजून घेतली. क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू, वरून पाहिलं तर इंग्रजी वाय अक्षरासारखी. सराव झाकून ठेवला. पत्रकार आले की मुलं जुनाच खेळ करून दाखवत. 10 सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध पडदा उघडला आणि अलाबामा 17-10 ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी ब्रायंटना 58 वर्षं पूर्ण झाली.

विशबोनचं मर्म काय? बचावातला एक माणूस मुद्दाम मोकळा सोडायचा, तो काय करतो ते पाहायचं आणि उलट करायचं. चार दशकांचं अंतर, पण युक्ती तीच! त्याच सामन्यात जॉन मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू अलाबामाकडून मैदानात उतरला, तिथल्या मुख्य संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच. वर्षभरापूर्वी याच प्रतिस्पर्ध्याच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय धावपटूने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाची दाणादाण उडवली होती. डावपेच बदलण्यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा होता, आणि तो फार उशिरा झाला असंच मी म्हणेन.

सेबनच्या वाट्यालाही मैदानाबाहेरचा बदल आलाच. पण आधी त्यापूर्वीचं एक उदाहरण. 8 जानेवारी 2018 च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला 0-13 असे मागे असताना त्यांनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवलं. सुरुवातीपासून खेळवलेल्या 27 सामन्यांपैकी 25 जिंकून दिलेला हा मुलगा. त्याच्या जागी आणला पहिल्या वर्षाचा टुआ टागोवायलोआ. जादा वेळेत टुआ आधी 16 यार्ड मागे रेटला गेला आणि पुढच्याच प्रयत्नात 41 यार्डांची फेक करून त्याने 26-23 असा सामना संपवला. हर्ट्स मात्र संघ सोडून गेला नाही. पुढचा हंगाम राखीव म्हणून काढला, आणि डिसेंबरमध्ये त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाल्यावर उतरून 35-28 असा विजय मिळवून दिला.

सेबनची सगळी शिकवण अशा थांबण्यावर उभी होती. रांगेत राहा, घाम गाळा, पाळी येईल. पण ऑक्टोबर 2018 मध्ये संघ बदलू इच्छिणाऱ्यांसाठी 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं, 2021 पासून पहिल्या बदलीसाठी वर्षभर बाहेर बसायची अटही गेली, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवायची मुभा मिळाली. हे न्याय्यच झालं. प्रशिक्षक वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक घेत असताना पोरांनी शिष्यवृत्तीवर समाधान का मानावं? पण खेळाडूला थांबवून ठेवणारी जुनी पकड सुटली, हेही खरं.

यातही सेबन हरले असं म्हणता येत नाही. 2023 मध्ये सप्टेंबरात घरच्या मैदानावर टेक्ससकडून मार खाल्लेला संघ त्यांनी असा सावरला, की डिसेंबरमध्ये लागोपाठ 29 सामने जिंकलेल्या जॉर्जियाला त्याने 27-24 असं हरवलं. पुढच्या महिन्यात, 10 जानेवारी 2024 ला, ते 72 व्या वर्षी निवृत्त झाले. मार्चमध्ये वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींसमोर त्यांनी सांगितलं, की पन्नास वर्षं ज्यावर विश्वास ठेवला ते आता कॉलेजच्या खेळात उरलेलं नाही. त्यांना बदल जमला नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना तो जमत होता. या वेळी तो त्यांना करायचा नव्हता.

सप्टेंबर ते नोव्हेंबर अमेरिकेत मुलांकडे असाल, तर एका शनिवारी कॉलेजचा सामना बघायला जरूर बसा. चेंडूच्या मागे नजर पळवू नका. बचावाच्या मधल्या फळीतला एखादा लाइनबॅकर निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याचे पाय बघा.